सात वजाबाक्यांवर देवळाली

आकड्यांचे लाड करू नयेत, असं माझं मुळीच म्हणणं नाही. ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने खुशाल मांडीवर घ्यावा, त्याला न्हाऊमाखू घालावं, तीट लावावी. माझं भांडण आहे ते चुकीच्या आकड्यांचे लाड होतात याबद्दल. आणि हे भांडण मी आज नाशिककरांशी, त्यातही अंबडकरांशी, म्हणजे घरच्याच माणसांशी काढणार आहे. परक्यांशी भांडण्यात मजा नसते. ते ऐकून घेतात.

आम्ही राहतो अंबडला. बाहेरगावच्या माणसाला अंबड म्हटलं की जालना जिल्ह्यातलं अंबड आठवतं आणि तो विचारतो, ‘‘मग जालन्याहून किती लांब?’’ आमचं अंबड नाशिकचं. इथे औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे परमेश्वराने आम्हाला माणसांपेक्षा वाहनं जास्त दिली आहेत. ट्रक, टेम्पो, कंपन्यांच्या बसगाड्या आणि त्यांच्यामधून अंग चोरून जाणाऱ्या आम्हा पांढरपेशांच्या मोटारी. रस्ता ओलांडायला दहा मिनिटं उभं राहावं लागतं आणि त्या दहा मिनिटांत दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे माणूस नंबरप्लेटी वाचू लागतो. एमएच पंधरा, मग अक्षरं, मग चार आकडे. या चार आकड्यांत मालकाचा सगळा स्वभाव उतरलेला असतो. ४१४१ घेऊन आणि त्याला दोनचार वळणं देऊन त्याचं ‘दादा’ करणारे असतात. इंग्रजी शाळेत गेलेले ८०५५ घेऊन त्याचा ‘बॉस’ करतात. आणि या सगळ्यांच्या वरचं आसन ज्यांचं, ते घेतात ११११, ७७७७ किंवा ९९९९. असे नंबर फुकट मिळत नाहीत. सरकारने त्यांना ‘पसंतीचा क्रमांक’ असं नाव दिलं आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. दोघांना एकच हवा असला तर बोली लागते. काही नंबरांची किंमत तर लाखांच्या घरात जाते. तेवढ्यात पूर्वी माणूस मोटारच घेत असे आणि नंबर मिळेल तो लावत असे.

आता या चार आकड्यांचं एक साधं गणित सांगतो. घाबरू नका, चौथीतल्या मुलाला येईल एवढंच आहे. कुठलीही चार आकडी संख्या घ्या. अट एकच, चारही आकडे सारखे नकोत. ते आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे लहानाकडून मोठ्याकडे मांडा आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. उत्तर तीन आकडी आलं तर पुढे शून्य लावून चार करा. असं करत राहिलात, की जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ या संख्येवर येऊन पोचता. आणि एकदा पोचलात की तिथून सुटका नाही. ७६४१ वजा १४६७, उत्तर पुन्हा ६१७४. सात वेळा करा, सातशे वेळा करा, ती जागची हलत नाही. सरकारी वसाहतीत एकदा क्वार्टर मिळालेल्या माणसासारखी.

एक उदाहरण करूनच टाकू. १९०५ घ्या. ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. पुढे ८१७२, मग ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. हातच्यांचा तेवढा घोळ करू नका, म्हणजे झालं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांच्या. ते होते आमच्या अंबडपासून काही मैलांवरच्या देवळालीत. मी १९०५ उगाच घेतलं नव्हतं, ते त्यांचं जन्मसाल. म्हणूनच जगातल्या गणिताच्या पुस्तकांत ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. आणि अंबडात? अंबडात म्हणतात, ‘‘कोण कापरेकर? बांधकामवाले का?’’

आता माझ्या भांडणाचा पहिला मुद्दा. चार आकडी संख्या ९०००. त्यांपैकी ८९९१ संख्या ६१७४ ला जाऊन मिळतात. दादा असो की बॉस, ४१४१ आणि ८०५५ हे दोघेही सहा वजाबाक्यांत निमूटपणे देवळालीला पोचतात. फक्त नऊ संख्या पोचत नाहीत. त्या कुठल्या? ११११, २२२२ पासून ९९९९ पर्यंतच्या. त्या पहिल्याच वजाबाकीत शून्य होतात. म्हणजे बघा, ज्या संख्यांना मास्तरांच्या गणितात काडीची किंमत नाही, नेमक्या त्याच आम्ही जादा पैसे मोजून, बोली लावून विकत घेतो आणि गाडीला हार घालून, पेढे वाटून मिरवतो. टेम्पोवाल्याला जो फुकट मिळाला, तो नंबर सहा पावलं चालून एका जगप्रसिद्ध जागी पोचतो. मालकाचा लाखाचा नंबर दारातच बसकण मारतो.

दुसरा मुद्दा नवाच्या भक्तांचा. आमच्या सोसायटीत एक सद्गृहस्थ आहेत. त्यांना एका अंकशास्त्र्याने सांगितलं, की तुमची बेरीज नऊ आली पाहिजे. तेव्हापासून गाडीचा नंबर, घराचा नंबर, टेलिफोनचा नंबर, सगळ्यांची बेरीज नऊ. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर तारीख छापताना तर मुलीकडच्यांशी बोलणी फिसकटायची वेळ आली होती. या गृहस्थांना मला एवढंच सांगायचं आहे, की अहो, नऊच हवेत ना? मग त्यासाठी पैसे कशाला? कुठलीही संख्या घ्या, तिचे आकडे उलटसुलट मांडून वजाबाकी करा. उत्तराला नवाने भाग गेलाच पाहिजे, त्याला इलाज नाही. ६१७४ ची बेरीज १८, १ आणि ८ नऊ. आणि तुमच्या शेजाऱ्याच्या, ज्याचं तुमच्याशी पटत नाही त्याच्या गाडीच्या नंबराचीही वजाबाकी नवाच्या पटीतच येते. नवाला जात, गोत्र, बंगला, फ्लॅट काही कळत नाही. सगळ्यांना जो सारखाच मिळतो, त्याला नशीब कसं म्हणायचं?

तिसरा मुद्दा जरा जपून मांडतो, कारण आमची निम्मी वसाहत इंजिनियरांची आहे. त्यांना ६१७४ ची गंमत सांगितली, की ते ती मन लावून ऐकतात, खिशातलं पेन काढून दोन उदाहरणंही करून बघतात आणि मग पेनचं टोपण लावत विचारतात, ‘‘छान आहे. पण याचा उपयोग काय?’’

या प्रश्नाचा मला मनापासून राग आहे. हे विचारणारे गृहस्थ रविवारी पाच दिवसांची कसोटी बघतात, ती पाचव्या दिवशी अनिर्णित सुटते, आणि त्याचा उपयोग काय हे कोणी विचारत नाही. शब्दकोडं सोडवण्याचा उपयोग काय? बागेतल्या गुलाबाला खत घालण्याचा उपयोग काय? गणितानेच तेवढं कामावर गेलं पाहिजे. बाकी सगळ्यांनी घरी बसून खावं. मूल गाणं म्हणू लागलं तर आपण पाहुण्यांसमोर उभं करतो. तेच मूल आकड्यांशी खेळू लागलं तर म्हणतो, ‘‘अभ्यास कर.’’

मला ठाऊक आहे, इथे कोणी म्हणेल की उपयोग आज नसला तरी उद्या निघतो. इंग्लंडचे मोठे गणिती हार्डी यांनी अंकशास्त्राच्या, म्हणजे खऱ्या अंकशास्त्राच्या, निरुपयोगीपणाचा अभिमान बाळगला. १९७७ साली मूळ संख्यांवर आधारलेली गुप्तलिपी निघाली आणि त्याच गणितावर पुढे बँकांचे निरोप कुलूपबंद होऊ लागले. गोष्ट खरी आहे. पण ती ढाल मी ६१७४ पुढे धरणार नाही. मी असं म्हणतो, की ६१७४ चा काही उपयोग कधीच निघाला नाही, तरी ती तितकीच चांगली आहे.

हार्डींचं नाव निघालंच आहे तर तेही भांडण उरकून घेऊ. १९४० सालच्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स ॲपॉलॉजी’ या पुस्तकात त्यांनी असल्या आकड्यांच्या गमतींना पार नाक मुरडलं आहे. उदाहरण दिलं ८७१२ आणि ९८०१ चं. या दोन चार आकडी संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. हे कोड्यांच्या सदरात शोभेल, गणितज्ञाला यात काही नाही, असा त्यांचा निकाल. हार्डी १९४७ साली गेले. कापरेकरांनी ६१७४ जाहीर केली ती १९४९ साली, मद्रासच्या गणित परिषदेत. तेव्हा साहेबांनी तिच्यावर काही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण म्हणाले असते तर काय म्हणाले असते ते कळायला ज्योतिषी नको.

तरीही मला एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. हार्डींची ती ८७१२ पाच वजाबाक्यांत ६१७४ ला येते, ९८०१ तिसऱ्या वजाबाकीतच. आणि ज्या टॅक्सीचा नंबर हार्डींनी आजारी रामानुजनना सांगितला आणि त्यांनी तो दोन घनांच्या बेरजेने दोन वेगळ्या रीतींनी लिहून दाखवला, ती १७२९? बरोबर सात वजाबाक्यांत हीही देवळालीला हजर. ९७२१ वजा १२७९, ८४४२; पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. १७२९ ची गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. ती शेवटी जिथे मुक्कामाला येते ते घर आमच्याच तालुक्यात होतं, हे मात्र शिक्षकांनाही माहीत नसतं.

कापरेकरांचा जन्म डहाणूचा. शिक्षण ठाण्याला, मग पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ साली ते बीएस्सी झाले. पदव्यांचा मामला तिथेच संपला. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. ना विद्यापीठाची खोली, ना हाताखाली सहायक. शोध लागला की पुस्तिका छापायची, तीही पदरमोड करून. डेमलो नावाच्या संख्या त्यांना सुचल्या रेल्वे स्टेशनवर. १, १२१, १२३२१ असा ज्यांचा चढउतार असतो, त्या त्याच घराण्यातल्या. डेमलो म्हणजे आजचं डोंबिवली, असं सांगतात. डोंबिवलीच्या फलाटावर आजवर लाखो माणसांनी गाडीची वाट पाहिली असेल. त्यातून उशिराच्या तक्रारीखेरीज काही निर्माण करणारा मला तरी हा एकच दिसतो.

आपल्या आकड्यांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो, तिचं नाव त्यांनी ठेवलं हर्षद, आनंद देणारी. १२ ची बेरीज ३, तिने १२ ला भाग जातो, हर्षद. ज्या संख्येचा वर्ग मधोमध तोडून दोन तुकड्यांची बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते, ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. दुसऱ्या कुठल्या संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवून जी मिळत नाही, ती स्वयंभू. २० तशी आहे. आमच्याकडे दगडाला शेंदूर फासून स्वयंभू म्हणणारे पुष्कळ. वीस स्वयंभू का आहे हे सिद्ध करून दाखवणारे हे एकटेच.

आणि त्यांना लोक काय म्हणत असतील? वेडे. यात देवळालीची गंमत अशी, की इंग्रजी भाषेत वेडगळ माणसाला ‘डुलॅली’ असा एक शब्द आहे आणि तो आमच्या देवळालीवरूनच गेला आहे. गोऱ्या सोजिरांची मायदेशी जाण्यापूर्वीची छावणी इथे असायची. बोटीची वाट बघून बघून त्यांची डोकी फिरायची, म्हणून तो शब्द. इंग्रजी शब्दकोशाला देवळालीने वेड दिलं आणि गणिताला ६१७४. यातलं पहिलं आधी पोचलं. दुसऱ्याची बऱ्याच अमेरिकन वाचकांना ओळख झाली १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं तेव्हा. मास्तर तेव्हा सत्तरीचे होते.

१९८६ साली ते गेले. हे १९८६ सहा वजाबाक्यांत ६१७४ ला पोचतं आणि जाताना पहिल्याच पायरीला ८१७२ लागतं, जिथे जन्मसाल १९०५ दुसऱ्या पायरीला येऊन मिळतं. पुढचा रस्ता दोघांचा एकच. हा निव्वळ योगायोग आहे. यातून दैवी अर्थ काढायला ज्यांचे हात शिवशिवत असतील, त्यांनी नवाचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

कारण माझं शेवटचं भांडण अशा भक्तांशीच आहे. हल्ली कापरेकरांचं नाव अधूनमधून मोबाइलवर फिरत येतं. सोबत उगवता सूर्य, दोन कमळं आणि मजकूर असा, की जगातले शास्त्रज्ञ थक्क, ही चमत्कारी संख्या एका मराठी माणसाने शोधली, अभिमान असेल तर दहा जणांना पाठवा. आम्ही पाठवतो. वजाबाकी मात्र कोणीही करून बघत नाही. मला विचाराल तर उपयोग विचारणारा इंजिनियर यापेक्षा पुष्कळ बरा. त्याने निदान पेन काढलेलं असतं.

चमत्कार काही नाही, आणि तीच तर मजा आहे. चार आकडे उतरत्या क्रमाने मांडले की पहिल्या आणि चौथ्यातल्या फरकाला ९९९ ने गुणा, मधल्या दोघांतल्या फरकाला ९० ने गुणा आणि बेरीज करा. वजाबाकीचं उत्तर तेच येतं. ६१७४ चंच बघा. ७ आणि १ चा फरक ६, ६ आणि ४ चा फरक २. ५९९४ अधिक १८०, झाले ६१७४. आता बाहेरचा फरक १ ते ९ यांपैकी एक, आणि मधला फरक बाहेरच्यापेक्षा जास्त असू शकत नाही. मोजून बघा, अशा फक्त ५४ जोड्या होतात. म्हणजे ८९९१ संख्यांची ही एवढी जत्रा पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत कोंबली जाते. ती ५४ उत्तरं वहीत मांडून एका दुपारी कोणीही तपासू शकतो. जातील तिथे जातील, सगळ्यांचं पाणी त्याच विहिरीत. ९९९ आणि ९० दोन्ही नवाच्या पटीत, म्हणून नवाचा भाग जातो. बस्स. देव्हारा नको, अगरबत्ती नको, चौरेघी वही हवी.

विद्वानांचा एक आक्षेप उरला. ते म्हणतात, हे सगळं आपण दहाच्या पद्धतीने आकडे लिहितो म्हणून. आठाची किंवा सोळाची पद्धत घेतली तर ६१७४ उरत नाही. अगदी कबूल. हाताला बोटं दहा म्हणून ६१७४. पण ओवी मराठीत जमते तशी इंग्रजीत जमत नाही, म्हणून ज्ञानोबांचं काही बिघडलं का? माणूस ज्या आकड्यांत किराण्याची यादी लिहितो, त्याच आकड्यांत इतकी शिस्त दडलेली निघावी, हे मला पुष्कळ वाटतं. आणि ती शिस्त सगळीकडे नाही, म्हणून तर तिची किंमत. तीन आकड्यांना ४९५ सापडते. दोन आकड्यांना स्थिर जागा नाही, ते ९, ८१, ६३, २७, ४५ असे गोल फिरत राहतात. पाच आकडी संख्याही कुठल्या ना कुठल्या चक्रात अडकतात. ठाम एका घरी येणं चारांना साधलं.

आता मागणी. आंदोलन नको, पुतळा तर मुळीच नको. पुतळा उभारला की त्याखाली पाणीपुरीची गाडी लागते आणि नावाचा विषय संपतो. मागणी एवढीच, की चौथीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवून झाली की पोरांना एक तास ६१७४ द्या. आज त्या वयाच्या पोराला मास्तर फळ्यावर पन्नास वजाबाक्या देतात आणि पोरगं रडतं, कारण पन्नास उत्तरं बरोबर आली तरी पुढे काही होत नाही. हीच वजाबाकी ६१७४ च्या शोधात करायला लावा. ते न सांगता वीस करील. आणि चुकलं तर मास्तरांना सांगावं लागणार नाही, कारण गाडी देवळालीला पोचणारच नाही, त्याचं त्यालाच कळेल. गणितात नापास झालेला माणूससुद्धा ज्याची शहानिशा स्वतः करू शकतो, असं गणित जगात फार थोडं आहे. बाकीचं आपण दुसऱ्याच्या शब्दावर मानतो. मराठी मध्यमवर्गाने गणिताला आजवर दोनच रूपांत ओळखलं, टक्केवारी आणि भीती. तिसरं रूप एका शाळामास्तरांनी बत्तीस वर्षं शाळा सांभाळून दाखवलं. ते त्यांच्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकवायला कुठल्या समितीच्या शिफारशीची वाट बघायची?

तोपर्यंत तुम्ही एक करा. या महिन्याचं विजेचं बिल समोर असेलच. त्यावरच्या ग्राहक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घ्या. चारही सारखे निघाले तर तुमचं दुर्दैव, शेजाऱ्याचं बिल मागून आणा. नाहीतर करा सुरुवात. बिलाची रक्कम काही कमी होणार नाही, पण त्या कागदातून निदान सात मिनिटं तरी आनंद मिळेल, जो कुठल्याही वीज कंपनीने आजवर दिलेला नाही.